कोंबडीच्या भ्रूणातल्या स्नायुपेशींचं कल्चर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं अकरा-बारा दिवसांच्या कोंबडीच्या भ्रूणातून काढलेल्या छातीच्या स्नायूच्या प्राथमिक कल्चरबद्दल, म्हणजे थेट भ्रूणातून घेऊन डिशमध्ये वाढवलेल्या पेशींबद्दल आहेत. मायोब्लास्ट (स्नायू घडवणाऱ्या सुट्या पेशी) वेगळे करणं, ते वाढवणं, एकमेकांत एकजीव होऊन त्यांच्या लांब नळ्या (मायोट्यूब) होणं आणि त्या नळ्या आकुंचन पावू लागणं, एवढा प्रवास यात येतो. एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्यावी. हे कल्चर बहुतेक वेळा पहिल्या दोन तासांत बिघडतं आणि बिघडल्याचं चौथ्या दिवशी दिसतं. म्हणून चौथ्या दिवशी माध्यम (पेशींचं पोषक द्रावण) बदलून पाहण्यापेक्षा चिरफाडीच्या दिवशीची वही उघडावी.

उंदराची सी२सी१२ पेशीरेषा सहज मिळते. मग कोंबडीचा खटाटोप कशासाठी?

सी२सी१२ सोयीची आहे, पण अमर झालेली पेशीरेषा आहे. तिच्या मायोट्यूबमध्ये पट्टेदार रचना उशिरा आणि अर्धवट येते, आकुंचनही बहुधा बाहेरून विजेचे ठोके दिल्याशिवाय दिसत नाही. कोंबडीच्या प्राथमिक कल्चरमध्ये ४८ तासांत भरघोस फ्यूजन (पेशी एकजीव होणं) होतं, चौथ्या ते सहाव्या दिवसात सार्कोमिअरचे, म्हणजे आकुंचन पावणाऱ्या एककांचे पट्टे दिसतात आणि नळ्या आपोआप फडफडू लागतात. स्नायूची घडण आणि त्याचं काम एकाच डिशमध्ये आठवड्याभरात पाहायचं असेल तर याहून स्वस्त आणि खात्रीचा मार्ग नाही.

तोटा एकच, पण मोठा आहे. दर वेळी नव्याने पेशी काढाव्या लागतात, त्यामुळे आजच्या आणि पुढच्या महिन्यातल्या कल्चरमध्ये फरक पडतो. प्रत्येक प्रयोगाचा कंट्रोल त्याच दिवशीच्या, त्याच बॅचच्या पेशींचा असावा. जुन्या बॅचशी तुलना करू नये.

बाजारातली अंडी चालतील का? गावठी?

दुकानात ट्रेमध्ये मिळणारी पांढरी अंडी चालणार नाहीत. ती लेयर फार्मवरची असतात, तिथे कोंबडे ठेवतच नाहीत, त्यामुळे अंडी फलित नसतात. गावठी अंडं फलित असू शकतं, पण ते कधी घातलं, किती ऊन खाल्लं, मध्येच खुडूक कोंबडीखाली होतं का, हे कळायला मार्ग नसतो. हॅचरीतून फलित अंडी घ्यावीत आणि शक्यतो दर वेळी त्याच जातीची. ब्रॉयलर आणि लेयर भ्रूणांच्या छातीच्या स्नायूची वाढ सारखी नसते, म्हणून दोन्ही मिसळू नयेत. विषाणूंवर काम असेल तर रोगजंतुमुक्त प्रमाणित, म्हणजे एसपीएफ अंडी लागतात. एरवी तो खर्च करण्याची गरज नाही.

अंडी १३ ते १६ अंश सेल्सियसला, बोथट टोक वर ठेवून, जास्तीत जास्त आठवडाभर साठवावीत. साधारण २१ अंशांच्या वर भ्रूण हळूहळू वाढू लागतो आणि ही वाढ सगळ्या अंड्यांत सारखी होत नाही. एप्रिल-मे महिन्यात नागपूर किंवा जळगावला दुपारच्या गाडीने अंडी मागवली की तारीख एकच असूनही भ्रूण वेगवेगळ्या वयाचे निघतात, त्याचं कारण हेच. रात्रीचा प्रवास आणि थर्माकोलची पेटी एवढ्याने बरंच निभावतं. थंड जागेतून काढलेली अंडी उबवणी यंत्रात ठेवण्याआधी काही तास खोलीच्या तापमानाला येऊ द्यावीत. लगेच उबेत ठेवली तर कवचावर घाम धरतो आणि ओल्या कवचातून जंतू आत शिरतात.

उबवणी कशी करायची?

पंखा असलेलं यंत्र, ३७.५ अंश, आर्द्रता ५५ ते ६० टक्के, दिवसातून किमान तीन-चार वेळा अंडी फिरवणं. पाचव्या दिवशी अंधारात दिव्यासमोर धरून पाहावं. लाल शिरांचं जाळं दिसलं तर अंडं ठेवायचं, स्वच्छ पारदर्शक दिसलं तर काढून टाकायचं. वय तासांत मोजावं. अकरा दिवस म्हणजे अंडी यंत्रात ठेवल्यापासून २६४ तास. वीज दोन-तीन तास गेली तर भ्रूण बहुधा मरत नाहीत, पण मागे पडतात. त्यामुळे तारखेवर विसंबण्यापेक्षा भ्रूण पाहून वय ठरवावं. हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन यांची १९५१ची टप्प्यांची तालिका आजही प्रमाण मानली जाते. तिच्यात अकरावा-बारावा दिवस म्हणजे टप्पा ३७-३८, आणि या वयात चोच व पायाच्या तिसऱ्या बोटाची लांबी मोजून टप्पा ठरवतात.

नेमका अकरावा-बारावा दिवसच का?

याआधी स्नायू फार छोटा असतो. चौथ्या-पाचव्या दिवशी पंख-पायांच्या कळीत जे मायोब्लास्ट मिळतात ते वेगळ्या पिढीचे असतात. त्यांना भ्रूणीय मायोब्लास्ट म्हणतात आणि त्यांच्या नळ्या लहान, कमी केंद्रकांच्या होतात. आठव्या ते बाराव्या दिवसात दुसरी पिढी, म्हणजे गर्भीय मायोब्लास्ट, भरात असते. लांब, जाड, शेकडो केंद्रकांच्या नळ्या याच देतात. सोळाव्या दिवसानंतर स्नायूत तयार तंतू जास्त, मोकळे मायोब्लास्ट कमी आणि संयोजी ऊतक चिवट होतं. मग ट्रिप्सिन (ऊतक सुटं करणारं विकर, म्हणजे एन्झाइम) वाढवावं लागतं आणि हाती येणाऱ्या पेशींत फायब्रोब्लास्टचा, म्हणजे संयोजी ऊतकाच्या पेशींचा वाटा वाढतो. तेराव्या दिवसाचा भ्रूण हातात आला तर काम होतं. सतराव्या दिवसाचा आला तर त्यातून हे कल्चर करू नये, सॅटेलाइट पेशींची (तयार तंतूंना लागून असलेल्या राखीव स्नायुपेशींची) पद्धत वेगळी आहे.

भ्रूण आणि स्नायू काढण्याचा क्रम काय?

अंड्यावर ७० टक्के इथेनॉल फवारून सुकू द्यावं. बोथट टोकाकडे हवेची पोकळी असते, तिथून कवच फोडून आतला पांढरा पडदा सोलावा. वाकड्या चिमट्याने मानेखाली धरून भ्रूण उचलावा आणि लगेच डोकं छाटावं. धड बर्फावरच्या हँक्सच्या क्षारद्रावणात टाकावं. इथून पुढची हत्यारं वेगळी घ्यावीत. अंड्याबाहेरचा भाग हाताळलेला चिमटा पुन्हा वापरणं हा संसर्गाचा सगळ्यात सोपा रस्ता आहे.

भ्रूण उताणा ठेवून छातीवरची त्वचा बारीक चिमट्याने सोलावी. पिसांचे कोंब त्वचेबरोबरच निघून जायला हवेत. छातीच्या हाडाच्या उभ्या कडेच्या दोन्ही बाजूंना फिकट, अर्धपारदर्शक, मऊ पट्टा दिसतो तो स्नायू. कडेला धरून तो हळूच सोलला की अखंड निघतो. त्याला चिकटलेला पांढरट कडक कूर्चेचा तुकडा किंवा त्वचेचा झिरझिरीत पापुद्रा असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली काढून टाकावा. इथे प्रत्येक भ्रूणामागे एक मिनिट जास्त दिलं तर चौथ्या दिवशी फायब्रोब्लास्टशी झुंजावं लागत नाही. डझनभर भ्रूण तासाभरात संपवावेत. हात अजून बसला नसेल तर सहाच घ्यावेत.

ट्रिप्सिन किती आणि किती वेळ?

स्नायूचा वाकड्या कात्रीने बारीक खिमा करावा, तुकडे एक मिलिमीटरपेक्षा लहान. कॅल्शियम-मॅग्नेशियमरहित द्रावणाने दोनदा धुवावा. बारा भ्रूणांच्या खिम्याला ५ मिली ट्रिप्सिन (०.१ ते ०.२५ टक्के) पुरतं. ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये १५ ते २० मिनिटं ठेवावं आणि दर पाच मिनिटांनी हलवावं. तुकड्यांच्या कडा केसाळ, विरविरीत दिसू लागल्या की थांबायचं. तुकडे पूर्ण विरघळण्याची वाट पाहिली तर उशीर झालेला असतो.

मग सीरम असलेलं थंड माध्यम १० मिली घालून ट्रिप्सिन थांबवावं, रुंद तोंडाच्या पिपेटने १०-१५ वेळा वर-खाली करावं. फेस येऊ देऊ नये, फेसाच्या पातळ पडद्यांत पेशी फुटतात. आधी ७० आणि मग ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळून २०० ते ३०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या इतक्या पट) वर ८ मिनिटं सेंट्रिफ्यूज करावं.

द्रावण शेंबडासारखी तार धरू लागलं तर समजावं की पेशी फुटून त्यांचा डीएनए बाहेर आला आहे. त्यावर आणखी ट्रिप्सिन ओतू नये. ट्रिप्सिन सीरमने थांबवल्यावर डीएनेझ-१ हे डीएनए कापणारं विकर, मिलीला ५० ते १०० मायक्रोग्रॅम, पाच-दहा मिनिटं द्यावं. या विकराला मॅग्नेशियम लागतं, म्हणून मॅग्नेशियमरहित द्रावणात ते घातलं तर काही होत नाही.

जास्त ट्रिप्सिनचं नुकसान लगेच दिसत नाही. ट्रिपॅन ब्लूने (मेलेल्या पेशींनाच रंगवणाऱ्या रंगाने) मोजल्यावर पेशी जिवंतच दिसतात. पण कॅल्शियम नसताना ट्रिप्सिन पेशीपृष्ठावरचं एन-कॅडहेरिन हे प्रथिन कापतं, आणि मायोब्लास्ट एकमेकांना ओळखून चिकटतात ते त्याच्याच आधाराने. ते पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो, त्यामुळे फ्यूजन लांबतं किंवा विस्कळीत होतं.

प्री-प्लेटिंग (साध्या डिशमध्ये आधी थोडा वेळ ठेवून फायब्रोब्लास्ट वेगळे करणं) टाळलं तर चालेल?

टाळू नये. फायब्रोब्लास्ट साध्या प्लास्टिकला पटकन चिकटतात, मायोब्लास्टना कोलॅजनचा लेप आणि जास्त वेळ लागतो. या फरकाचा फायदा घ्यायचा. गाळलेल्या पेशी लेप नसलेल्या मोठ्या डिशमध्ये ३० ते ४५ मिनिटं इन्क्युबेटरमध्ये ठेवून, डिश हळूच तिरकी करून, न चिकटलेल्या पेशी वरच्यावर काढून घ्यायच्या. डिश हलवून घासून धुतली तर खालचे फायब्रोब्लास्टही येतात. तासाभराहून जास्त ठेवलं तर मायोब्लास्टही चिकटून वाया जातात.

डिशला काय लावायचं आणि किती पेशी टाकायच्या?

कोलॅजन किंवा जिलेटिन. १९६३ मध्ये आयर्विन कोनिग्सबर्ग यांनी एकट्या मायोब्लास्टपासून पूर्ण स्नायू-वसाहत वाढते हे दाखवलं. तेव्हा त्यांना आधी दाट कल्चरमध्ये मुरलेलं माध्यम वापरावं लागलं होतं. त्या माध्यमाचं बरंचसं काम कोलॅजनचा लेप करतो, हे हौश्का आणि कोनिग्सबर्ग यांनी १९६६ मध्ये दाखवलं. जिलेटिन स्वस्त पडतं. ०.१ ते १ टक्का द्रावण ३७ अंशांना तासभर ठेवून ओढून घ्यावं. पाच दिवसांपेक्षा जास्त ठेवायचं असेल किंवा आकुंचन पाहायचं असेल तर उंदराच्या शेपटीचं कोलॅजन वापरावं, कारण जिलेटिनवरच्या नळ्या लवकर सुटतात.

३५ मिमी डिशमध्ये ३ ते ५ लाख जिवंत पेशी टाकाव्यात. हिशेब असा: हिमोसायटोमीटरच्या (पेशी मोजायच्या काचपट्टीच्या) मोठ्या चौकोनात सरासरी ४२ पेशी आल्या आणि रंगासाठी निम्मं पातळ केलं होतं, तर ४२ × २ × १०,००० = मिलीला ८.४ लाख. ४ लाखांसाठी ०.४८ मिली घ्यायचे. डिश इन्क्युबेटरमध्ये ठेवताना गोल फिरवू नये, पेशी मध्यभागी ढिगाने जमतात. पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे, अधिकच्या चिन्हासारखी हलवावी.

कमी घनतेला पेशी एकमेकांना गाठू शकत नाहीत आणि फक्त विभागत राहतात. फार दाट टाकल्या तर फ्यूजन लवकर होतं, पण नळ्या एकमेकांवर चढतात आणि एकत्र आकुंचन पावून चादरीसारख्या गुंडाळून निघतात.

माध्यम कसं बनवायचं? भ्रूण-अर्क खरंच लागतो का?

१०० मिलीसाठी: एमईएम (तयार मिळणारं मूळ माध्यम) ८४ मिली, घोड्याचं सीरम १० मिली, भ्रूण-अर्क (कोंबडीचे भ्रूण दाबून, गाळून काढलेलं द्रव) ५ मिली, पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन १ मिली. ग्लुटामिन नसलेलं एमईएम असेल तर २ मिलिमोलर होईल इतकं घालावं. ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, ३७ ते ३८ अंश. एमईएमऐवजी डीएमईएम हे दुसरं तयार माध्यम वापरलं तर त्यात सोडियम बायकार्बोनेट लिटरला ३.७ ग्रॅम असतं, त्यामुळे ५ टक्के वायूत ते थोडं अल्कधर्मी राहतं आणि जांभळट छटा येते. तसं होत असेल तर वायूचं प्रमाण वाढवावं किंवा एमईएमकडे यावं.

घोड्याच्या सीरमऐवजी गर्भीय गोवंश सीरम घातल्यास फायब्रोब्लास्ट जोमाने वाढतात. सीरमची मोठी खरेदी करण्याआधी तीन लॉटचे नमुने मागवून एकाच दिवशीच्या पेशींवर ७२ तासांचं फ्यूजन मोजावं. लॉटमधला फरक डोळ्यांनाही दिसतो.

भ्रूण-अर्काबद्दल शंका सगळ्यात जास्त येतात. अर्काशिवाय पेशी चिकटतात, एक-दोनदा विभागतात आणि मग खुरटतात. त्याचं एक नेमकं कारण टोकियोच्या ओझावा यांच्या गटाने १९८२ मध्ये दाखवलं. अर्कातला मुख्य घटक म्हणजे ट्रान्सफेरिन, पेशीला लोह पोचवणारं प्रथिन. पक्ष्यांच्या पेशींना पक्ष्यांचंच ट्रान्सफेरिन लागतं. घोड्याच्या सीरममध्ये ट्रान्सफेरिन भरपूर असलं तरी कोंबडीच्या मायोब्लास्टला त्याचा उपयोग होत नाही. म्हणून अर्क मिळत नसेल तर अंड्याच्या पांढऱ्यातलं शुद्ध, लोहयुक्त ओव्होट्रान्सफेरिन (याचंच दुसरं नाव कोनाल्ब्युमिन) घालून बरंच काम भागतं. अर्कात वाढीचे इतरही घटक असतात, त्यामुळे वाढ थोडी मंद राहील.

अर्क घरच्या घरी, म्हणजे लॅबमध्येच बनवावा. दहा-अकरा दिवसांचे भ्रूण डोळे काढून, थंड द्रावणाने रक्त जाईपर्यंत धुऊन, ५० मिलीच्या सुई नसलेल्या सिरिंजमधून दाबून काढावेत. तेवढ्याच आकारमानाचं एमईएम घालून थंडीत तासभर ढवळावं. मग शक्य तितक्या जास्त वेगाने, किमान १०,००० जी वर अर्धा तास फिरवावं. वरचं द्रव आधी ०.४५ आणि मग ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढून ५ मिलीच्या नळ्यांत उणे ८० अंशांना गोठवावं. वितळल्यावर गाळ दिसला तर पुन्हा फिरवून वरचंच घ्यावं. एकदा वितळलेली नळी परत गोठवू नये. फिल्टर पहिल्याच मिनिटाला तुंबला तर सेंट्रिफ्यूज कमी पडलंय, जोर लावून फिल्टर फाडू नये.

सी२सी१२ प्रमाणे सीरम २ टक्क्यांवर आणावं लागतं का?

नाही. उंदराच्या पेशीरेषेला विभाजन थांबवण्यासाठी उपाशी ठेवावं लागतं. कोंबडीचे प्राथमिक मायोब्लास्ट भरलेल्या ताटावरही ठरल्या वेळी विभाजन सोडून एकजीव होतात. उपाशी ठेवलं तर फ्यूजन वाढण्याऐवजी नळ्या बारीक राहतात. तिसऱ्या दिवसानंतर अर्क ५ वरून २ टक्क्यांवर आणला तर मात्र चांगलं, उरलेल्या फायब्रोब्लास्टचा जोर कमी होतो.

रोज काय दिसायला हवं?

पहिले १८-२४ तास: दोन्ही टोकांना निमुळत्या, चमकदार, चातीसारख्या पेशी. माध्यम बदलून मेलेल्या पेशी आणि लाल रक्तपेशी धुऊन काढाव्यात.

२४-३० तास: पेशी एकामागे एक रांगेत लागतात, पहिली फ्यूजन दिसतात. ४८-६० तासांना फ्यूजन भरात असतं. ७२ तासांना जाड, फांद्या फुटलेल्या नळ्या असतात, आत केंद्रकांच्या रांगा किंवा पुंजके. इथून दर दोन दिवसांनी निम्मं माध्यम बदलावं. सगळं एकदम ओढू नये, नळ्या ओढ सहन करत नाहीत.

चौथा ते सहावा दिवस: फेज कॉन्ट्रास्टमध्ये आडवे पट्टे, पहिली फडफड. सातव्या-आठव्या दिवसापासून काही नळ्या सुटू लागतात.

४८ तासांनाही रांगा नसतील आणि पेशी पसरट, फिकट, अनेक कोनांच्या असतील, तर डिशमध्ये मुख्यतः फायब्रोब्लास्ट आहेत. ती डिश वाचत नाही, टाकून द्यावी.

नळीतली केंद्रकं विभागतात का?

नाही, आणि हा प्रश्न सुटला तो याच कल्चरमध्ये. एका पेशीचं केंद्रक पुन्हा पुन्हा विभागून नळी होते, की अनेक पेशी मिळून होते, हा जुना वाद होता. स्टॉकडेल आणि होल्टझर यांनी १९६१ मध्ये किरणोत्सारी थायमिडिन वापरून दाखवलं की नळीतली केंद्रकं डीएनए बनवत नाहीत. आधी खूण केलेली एककेंद्रकी पेशी मात्र नंतर नळीत सापडते. मायोब्लास्ट शेवटचं विभाजन उरकून, जी-१ अवस्थेत थांबून, मगच एकजीव होतो. पुढची बरीच औषधं आणि वेळापत्रकं या एका गोष्टीवर उभी आहेत.

फ्यूजन हवं तेव्हा थांबवून पुन्हा सुरू करता येतं का?

येतं, आणि ही युक्ती जैवरासायनिक मोजमापांसाठी फार उपयोगी आहे. फ्यूजनला बाहेरचं कॅल्शियम लागतं. एमईएममध्ये ते १.८ मिलिमोलर असतं. पेशी टाकल्यावर २०-२४ तासांनी ईजीटीए (कॅल्शियम धरून ठेवणारं रसायन) १.७५ मिलिमोलर होईल इतकं घातलं की पेशी रांगेत लागतात, पण एकजीव होत नाहीत. ४८-५० तासांना ताजं, कॅल्शियमयुक्त माध्यम दिलं की काही तासांत बहुतेक पेशी एकदम मिळतात.

ईजीटीए कॅल्शियमला धरतं तेव्हा हायड्रोजन आयन सुटतात आणि माध्यम आम्लधर्मी होतं. त्याचा साठा आधीच पीएच ७.४ वर आणून ठेवावा, नाहीतर फ्यूजन कॅल्शियमअभावी थांबलं की पीएचमुळे, हे कळणार नाही. प्रमाण २ मिलिमोलरच्या पुढे नेलं तर पेशी तळ सोडतात.

यातून निघालेली महत्त्वाची बाब अशी, की फ्यूजन थांबलेल्या एककेंद्रकी पेशीही वेळ झाली की मायोसिन बनवतात, क्रिएटिन कायनेज या विकराचा प्रकार बीबीवरून स्नायूतल्या एमएमकडे वळतो. म्हणजे एकजीव होणं ही स्नायुपेशी बनण्याची अट नाही. म्हणून एखाद्या औषधाने नळ्या कमी झाल्या एवढ्यावर ‘विभेदन (स्नायुपेशी म्हणून घडणं) थांबलं’ असं लिहू नये. मायोसिनही तपासावं.

सायटोसिन अरॅबिनोसाइड कधी घालायचं?

फायब्रोब्लास्ट विभागत राहतात, नळ्या विभागत नाहीत. हे औषध डीएनए बनवणाऱ्या पेशी मारतं. १० मायक्रोमोलर, म्हणजे १० मिलिमोलर साठ्यातून मिलीला १ मायक्रोलिटर, ६० ते ७२ तासांदरम्यान घालून २४ ते ४८ तासांनी काढावं. पहिल्या-दुसऱ्या दिवशी घातलं तर शेवटचं विभाजन बाकी असलेले मायोब्लास्टच मरतात आणि थोड्याच बारीक नळ्या उरतात. प्री-प्लेटिंग टाळून याच औषधावर भिस्त ठेवणारे पुष्कळ असतात. त्यात मेलेल्या फायब्रोब्लास्टचा कचरा नळ्यांवर बसतो आणि रंगवताना त्रास देतो.

फ्यूजन इंडेक्स कसा मोजायचा?

नळ्यांमधली केंद्रकं भागिले एकूण केंद्रकं, गुणिले १००. नळी कशाला म्हणायचं (तीन किंवा अधिक केंद्रकं) हे आधी ठरवून लेखात लिहावं. किमान दहा यादृच्छिक क्षेत्रं आणि हजारभर केंद्रकं मोजावीत. ‘सुंदर’ क्षेत्र शोधून मोजणं ही नेहमीची चूक आहे. चांगल्या कल्चरमध्ये ७२ तासांना ६० ते ८० टक्के मिळतात. गिम्सा या साध्या रंगावर मोजताना नळीखाली दडलेला फायब्रोब्लास्ट नळीचा भाग वाटतो, म्हणून डॅपीबरोबर (केंद्रकं चमकवणाऱ्या रंगाबरोबर) मायोसिनविरोधी एमएफ-२० प्रतिपिंड वापरावं. ते मुळात कोंबडीच्या छातीच्या स्नायूच्या मायोसिनविरुद्धच बनवलं आहे, त्यामुळे इथे खात्रीने चालतं. उंदराच्या प्रथिनांवर तपासलेली इतर प्रतिपिंडं कोंबडीत चालतीलच असं नाही.

नळ्या आपोआप आकुंचन पावून सुटतात. कसं थांबवायचं?

ही फडफड निरोगी कल्चरची खूण आहे. ती सोडियम चॅनेलवर चालते, म्हणून १ मायक्रोमोलर टेट्रोडोटॉक्सिनने थांबते आणि माध्यम धुतलं की परत येते. विष जहाल आहे. हातमोजे, वेगळी कुपी आणि वापराची नोंद याला पर्याय नाही. लक्षात ठेवायचं ते असं, की आकुंचन थांबवल्याने स्नायूचं जीवशास्त्रही बदलतं. निश्चल नळ्यांवर ॲसिटिलकोलिन ग्राहक (चेतापेशीचा संदेश घेणारी प्रथिनं) वाढतात, विजेने चालवलेल्या नळ्यांवर कमी होतात. तेव्हा ग्राहक मोजायचे असतील तर ‘नळ्या सुटू नयेत म्हणून’ विष घालणं म्हणजे प्रयोगातच ढवळाढवळ.

विजेचे ठोके द्यायचे असतील तर कार्बन किंवा प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड, २ ते ४ मिलिसेकंदांचे दुहेरी दिशेचे ठोके, सेकंदाला एक. एकाच दिशेचे ठोके दिले तर इलेक्ट्रोडपाशी पाण्याचं विघटन होऊन पीएच बदलतो. स्टीलची तार गंजते आणि तिचे आयन पेशींना मारतात.

या कल्चरवर आणखी काय पाहता येतं?

ग्राहकांचं आयुष्य: अल्फा-बंगारोटॉक्सिन या ग्राहकाला घट्ट चिकटणाऱ्या सर्पविषाने खूण करून पाहिलं असता कोंबडीच्या नळ्यांवरच्या ॲसिटिलकोलिन ग्राहकाचं अर्धायुष्य सुमारे एक दिवस भरतं. भ्रूणाच्या मज्जारज्जूतले चेतापेशी वर टाकले तर डिशमध्येच चेता-स्नायू जोडणी होते.

ताण: लवचिक सिलिकॉनवर वाढवलेल्या नळ्या ओढून धरल्या की प्रथिननिर्मिती वाढते, हे वँडेनबर्ग आणि कॉफमन यांनी १९७९ मध्ये याच पेशींत दाखवलं. ताणाने उघडणाऱ्या एकेका आयन चॅनेलची पहिली नोंद गुहाराय आणि सॅक्स यांनी १९८४ मध्ये घेतली, तीही कोंबडीच्या भ्रूणाच्या कल्चरमधल्या स्नायूवर. हे चॅनेल स्ट्रेप्टोमायसिन आणि जेंटामायसिनसारख्या औषधांनी अडतात. ताणाचे प्रयोग करताना नेहमीचं पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन माध्यमात राहिलं आणि ‘काहीच परिणाम नाही’ असा निष्कर्ष निघाला, तर त्या निष्कर्षाला अर्थ नाही.

कॅल्शियम: पक्ष्यांच्या कंकाल स्नायूत रायनोडिन ग्राहकाचे (पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम सोडणाऱ्या प्रथिनाचे) अल्फा आणि बीटा असे दोन प्रकार असतात. ‘क्रुकेड नेक ड्वार्फ’ या उत्परिवर्तित कोंबडीत अल्फा नसतो आणि स्नायू नीट आकुंचन पावत नाही. सस्तन प्राण्यांचे आकडे इथे जसेच्या तसे लावू नयेत.

पेशी गोठवता किंवा पुढच्या डिशमध्ये नेता येतात का?

काढल्या दिवशी, प्री-प्लेटिंगनंतर, १० टक्के डीएमएसओमध्ये (गोठताना पेशींना जपणाऱ्या द्रवात) मिनिटाला एक अंश या वेगाने गोठवता येतात. वितळल्यावर बऱ्याच पेशी चिकटत नाहीत, म्हणून दुप्पट टाकाव्यात. पुढच्या डिशमध्ये नेणं फार तर एकदा, तेही फ्यूजन सुरू होण्याआधी. दर हस्तांतरात फायब्रोब्लास्टचा वाटा वाढतो. कृत्रिम मांसाबद्दल विचारणाऱ्यांसाठीही उत्तर हेच. या प्राथमिक पेशी मोजक्याच वेळा विभागतात, किलोच्या हिशेबात वाढवण्यासाठी त्या नाहीत.

दोन दिवसांत माध्यम गढूळ होतं. प्रतिजैविक वाढवू का?

नको. गढूळपणा दिवसभरात आला तर स्रोत अंड्याचं कवच किंवा हत्यारं. चौथ्या-पाचव्या दिवशी आला तर अर्क किंवा पिपेट. प्रत्येक बॅचला एका डिशमध्ये पेशीविना माध्यम आणि दुसरीत पेशीविना माध्यम व अर्क ठेवावा. कोणती गढूळली यावरून स्रोत कळतो.

परवानगी लागते का?

कोंबडीची उबवणी २१ दिवसांची. ब्रिटनच्या कायद्यात शेवटच्या तृतीयांशात, म्हणजे चौदाव्या दिवसानंतर, भ्रूणाला संरक्षण मिळतं. अकरावा-बारावा दिवस त्याच्या अलीकडे येतो. तरीही आपल्या संस्थेच्या प्राणी-नीती समितीला प्रयोगाचा आराखडा आधी लेखी द्यावा, भ्रूणांची संख्या नोंदवावी आणि डोकं छाटण्यात क्षणाचाही उशीर करू नये. जास्तीची अंडी यंत्रात राहिली असतील तर ती चौदावा दिवस उलटण्याआधी थंड करून संपवावीत. ‘राहू दे, पुढे कामाला येतील’ म्हणून ठेवलेल्या अंड्यांतून सुट्टीच्या दिवशी पिल्लं बाहेर येतात आणि त्यांची सोय कुणीच केलेली नसते.